डबा हरला, मिल्या

मिल्या,

आपल्या दहावीच्या वर्गाने तुझ्यावर एक पुस्तिका काढायची ठरवली आहे. प्रत्येकाने तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द लिहून द्यायचे. तू असतास तर विचारलं असतंस, "दोनच?" आणि मग त्या दोन शब्दांचीही सालं काढली असतीस. माझी अडचण अशी, की तू स्वतः कुणाबद्दल कधी चांगलं बोलला नाहीस. तरी तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं एकामागून एक उठून बोलली. मनमिळाऊ म्हणाली तुला. तू आणि मनमिळाऊ! ज्या गुरुजींना तू भर दुकानात "तुमच्या कॉम्प्युटरला काय नाय झालेलं, व्हायरस तुम्हाला लागलाय" असं सुनावलं होतंस, तेच हे म्हणाले. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मेल्यावर माणसाची कसली फजिती करतात.

शेवटी सुषमावहिनी उठली. तिचा आवाज स्थिर होता. म्हणाली, "ह्यांची कीव सगळ्यांनी केली. पन जिंकू कुनी दिलं नाय. रफीकभाऊजींनी जायच्या आधी येकदा जिंकू दिलं. तेवढं मी इसरनार नाय." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, किती नम्र माणूस.

त्या शर्यतीबद्दलच मला लिहायचं आहे. चांगले शब्द बाकीच्यांकडून गोळा होतील.

तुझा आणि माझा वाद काय होता हे आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांना कधी कळलंच नाही. त्यांना वाटायचं दोन वाढलेले घोडे पोरांसारखे गेम खेळतात. तू महाडच्या गल्लीत कॉम्प्युटर जोडून द्यायचास, मी टेम्पो चालवायचो, आणि रविवारी तुझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आपण खेळायचो. तू कॉम्प्युटरवर, मी माझ्या कन्सोलवर, इंटरनेटने एकाच खेळात. कन्सोल माझ्या भावाने कुवेतहून आणलेला. तू त्याला कधी कन्सोल म्हटलं नाहीस. डबा म्हणायचास. माझ्या हातातल्या कंट्रोलरला रिमोट म्हणायचास. "आला का रिमोटवाला," हे तुझं स्वागत.

तुझं म्हणणं सोपं होतं. जे उघडता येतं ते आपलं. कॉम्प्युटरचं झाकण काढा, रॅम बदला, कार्ड बदला, पंखा साफ करा, नाही आवडलं तर सगळंच पाडून नवं उभं करा. डबा कंपनीने बंद करून दिला, तो बंदच. आणि माझं म्हणणं त्याहून सोपं. दिवसभर आंबेनळीच्या घाटात गिअर बदलून आलेल्या माणसाला घरी येऊन आणखी काही उघडायचं नसतं. बटण दाबलं की खेळ सुरू झाला पाहिजे. तुझ्याकडे यायचो तर अर्धा तास तू कुठलंतरी ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकत बसलेला. मी विचारायचो, "अरे, खेळायला बसलोय की रिपेअरिंगला?" तू मान वर न करता म्हणायचास, "ज्याला रिपेअरिंग येत नाय त्यानं खेळूच नये."

आठवतंय, ते पोलादपूरचे निवृत्त तलाठी आले होते? नोकरी संपली, आता गेम खेळायचेत म्हणाले, कॉम्प्युटर घेऊ की कन्सोल? बिचारे हातात डायरी घेऊन उभे. तू म्हणालास, "काका, डोकं वापरायची सवय हाय का? नसेल तर डबा घ्या." मी म्हटलं, "काका, उरलेलं आयुष्य सेटिंग करण्यात घालवायचं असेल तर ह्याच्याकडून कॉम्प्युटर घ्या." मग आपण दोघे त्यांच्यासमोर तासभर भांडलो. माउस की कंट्रोलर, खुर्ची की गादी, स्क्रीन जवळ की लांब. भांडण संपलं तेव्हा काका निघून गेले होते. नंतर कळलं, त्यांनी कॅरम घेतला. तू त्यांना पुढे कितीतरी वर्षं "कॅरमकाका" म्हणत होतास, तोंडावर.

आणि पुरानंतरचं तुझं दुकान. सावित्री गावात येऊन गेली की माणसं घरातला गाळ नंतर काढायची, आधी कॉम्प्युटर काखोटीला मारून तुझ्याकडे यायची. तू सगळ्यांचे मदरबोर्ड सुटे करायचास, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून दात घासायच्या ब्रशने घासायचास आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचास. तुझ्या बनियनशेजारी अख्ख्या पेठेचे मदरबोर्ड लटकलेले. निम्म्याहून जास्त चालू व्हायचे. त्या वर्षी माझा डबाही बुडाला. आमच्या अम्मीने तो माझ्या नकळत गच्चीवर वाळत टाकला, सुकटीच्या शेजारी. तीन दिवसांनी मी तो तुझ्याकडे आणला तेव्हा तू नाकाला रुमाल लावलास. पण उघडलास. तसले स्क्रू उघडायला स्क्रूड्रायव्हर नव्हता तुझ्याकडे, तर तू एक जुना स्क्रूड्रायव्हर कानशीने घासून बनवलास. धुतलास, वाळवलास, चालू केलास. एक स्क्रू उरला, तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणालास, "हा डब्यातला नाय, तुझ्या डोक्यातला हाय." तो डबा तापला की पुढे वर्षभर दुकानात सुकटीचा वास यायचा. मी तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती.

बंदुकीच्या खेळात तू मला कधी उभं राहू दिलं नाहीस. माउसपुढे कंट्रोलरचं काही चालत नाही, हे मान्य करतो. पण तू नुसता जिंकायचा नाहीस. माझा माणूस मरून पडला की त्याच्याभोवती गोल फिरायचास आणि आणखी दोन गोळ्या घालायचास. गाड्यांच्या शर्यतीत मात्र मी तुला धूळ चारायचो. कंट्रोलरवर वळण हळूहळू घेता येतं, जेवढं बोट दाबाल तेवढाच वेग. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं नाही तर सोडलेलं, मधलं काही नाही. तुला सगळे सांगायचे, कॉम्प्युटरला कंट्रोलर जोड. तू म्हणायचास, "रिमोट हातात धरला तर हात तोडून टाकीन." इतक्या वर्षांत गाड्यांची एक शर्यत तू जिंकला नाहीस. आणि तुला तीच एक हवी होती. "येकदा गाडीत तुला मागं टाकला की वाद संपला," म्हणायचास. "मग तू दुकानाच्या दारावर सोताच्या हातानं लिहायचं, डबा हरला."

पहिल्यांदा तुझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला तेव्हा मी हसलो होतो. दुसऱ्यांदा पडला तेव्हाही. म्हटलं, म्हातारा झालास. महिनाभराने तू शर्टाचं बटण लावू शकला नाहीस, आणि मी त्यावरही काहीतरी बोललो. मग मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायू एकेक करून झोपणार, डोकं शेवटपर्यंत जागं राहणार. तू दुकानात येऊन मला हे सांगितलंस तेव्हा मी विचारलं, "औषध?" तू म्हणालास, "नाय. बंद डबा हाय. उघडत नाय." आणि हसलास. मला हसू आलं नाही याचा तुला राग आला.

तू दुकान बंद केलंस आणि कापड्याला, गावच्या घरी गेलास. तिथेच तू मला अट घातलीस. वहिनी चहा ठेवत होती, तू तिला ऐकू जाईल असं मोठ्याने बोललास. "रविवारी यायचं. डबा घेऊन यायचं. आनि कीव दाखवलीस तर या वाडीत पाय ठेवू नको." मी म्हटलं, "तुझी कीव कोण करतंय? हरवायला येणार मी." तुला बरं वाटलं. माझ्याकडून ऐकायचं होतं ते ऐकलंस.

आणि मी दर रविवारी तुला हरवलं. आधी तुझी करंगळी गेली, मग अनामिका. मी हरवत राहिलो. तू दोन बोटांनी खेळायचास, मी तुला तिसऱ्या फेरीत गाठून भिंतीवर ढकलायचो. वहिनी दारात उभी राहून बघायची. एकदा मी टेम्पोपाशी आलो तर मागोमाग आली. "येकदा हरा की भाऊजी. काय जातंय तुमचं?" मी तिला तुझी अट सांगितली. ती म्हणाली, "त्याची अट राहू द्या. त्याला कळनार हाय का?" मी म्हटलं, कळेल. तेवढं मला तुझ्याबद्दल ठाऊक होतं.

बोटं पूर्ण गेली तेव्हा मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी जिंकलो होतो. आता कॉम्प्युटर तुझ्या काय कामाचा, असं मला वाटलं, आणि हे वाटताना थोडं बरंही वाटलं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

पुढच्या रविवारी आलो तर तुझ्या पलंगावर जेवायचा पाट. पाटावर दारावरच्या बेलची दोन बटणं, दोन्ही कोपरांखाली येतील अशी बसवलेली. आणखी दोन पायाशी, टाचांखाली. एक जुना कीबोर्ड फोडून त्याच्या आतल्या पट्टीपासून वायरी ओढलेल्या. डावीकडे, उजवीकडे, वेग, ब्रेक. तू तोंडाने सांगितलं होतंस आणि वहिनीने जोडलं होतं. जन्मात कधी सोल्डर हातात न धरलेल्या बाईने. तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. तू अडखळत अडखळत म्हणालास, "बघ. उघडता येतं. म्हनून जोडता येतं. तुझ्या डब्याला लाव बघू बेलचं बटन."

मी काय म्हणालो ठाऊक आहे ना? म्हणालो, "दारावर कोण आलंय ते बघ आधी." आणि हरवलं तुला. त्या दिवशी पाच वेळा.

तेव्हाच मला म्हणता आलं असतं, की वाद तू जिंकलास. माझा कंट्रोलर दहा बोटांच्या माणसासाठी बनवलेला, ती नसली की तो टेबलावर ठेवायच्या कामाचा. तुझं यंत्र तुझ्या शरीरामागून चालत येत होतं. बोटं गेली तर कोपराशी, कोपर गेलं असतं तर तू हनुवटीशी नेलं असतंस. हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि तोंडाने तुला बेलवाला म्हणत होतो.

सहा रविवार तू त्या पाटावर शिकलास. सुरुवातीला गाडी भिंतींवर आपटायची. मग आपटायची कमी झाली. तू वळणाच्या आधीच बेलचं बटण टिकटिक टिकटिक असं बारीक दाबत राहायचास, कोपराने, आणि गाडी हळूहळू वळायची. कीबोर्डला मधलं काही नसतं म्हणणाऱ्याला तू मधलं काढून दाखवत होतास. माझं लक्ष होतं. घरी येऊन मी एकटा सराव करायला लागलो, हे तुला सांगितलं नाही.

मग तो रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. वहिनी पडवीत वाल सोलत होती. तीन फेऱ्यांची शर्यत, आपली नेहमीची, शेवटी ते उलटं वळण असलेली. दुसऱ्या फेरीपर्यंत मी पुढे. तिसऱ्या फेरीत तू मागे चिकटून. शेवटच्या वळणाला मी शिरलो तेव्हा तू आतली बाजू आधीच धरली होतीस. मला जागाच ठेवली नाहीस. तुझ्या कोपराखालची टिकटिक मला ऐकू येत होती. अर्ध्या गाडीच्या फरकाने तू रेषा ओलांडलीस.

तुझ्या तोंडून आवाज निघाला, आजारानंतर कधी ऐकला नव्हता तसा. वहिनी हातातलं टाकून धावत आली. तिला वाटलं तुला काही झालं. तू हसत होतास. तोंडाच्या कडेने लाळ गळत होती आणि तू हसत होतास. म्हणालास, "डबा. हरला."

आणि मी म्हणालो, "सोडली तुला. शेवटच्या वळणाला ब्रेक दाबला मी. वहिनी कधीची म्हणत होती."

मिल्या, हे शब्द मी विचार करून बोललो नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं आहे. पूर्ण एक क्षण होता माझ्याजवळ. त्या क्षणात मी तुझ्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि मला सहन झालं नाही. एक बोट न हलणारा माणूस मला हरवतो आणि वर माझ्या तोंडावर हसतो, हे मला सहन झालं नाही. कीव नव्हती. तुझ्यावरचं प्रेम वगैरेही नव्हतं, ते मला कुणी चिकटवू नये. मला हरायचं नव्हतं, बस. आणि तुला कुठे मारलं की लागतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुझं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग तू विचारलंस, "शप्पत?"

मी म्हणालो, "अम्मीची शपथ."

तू डोळे मिटलेस. वहिनीला म्हणालास, "पाट काढ गो." तिने काढला. जाताना मी दारात थांबलो, तू भिंतीकडे तोंड करून घेतलं होतंस. तेवढी मान अजून वळत होती तुझी. वहिनी मला सोडायला टेम्पोपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "देव तुमचं भलं करो." मी गाडी सुरू केली.

त्यानंतर मी दोनदा आलो. दोन्ही वेळा तू झोपलेला होतास. झोपेचं सोंग तुला नीट जमायचं नाही, शाळेपासून जमायचं नाही, पापण्या हलतात तुझ्या. मी पलंगाशेजारी बसलो, डबा पिशवीतच ठेवला. बोलता आलं असतं. "अरे, खोटं बोललो, जिंकलास तू," एवढंच वाक्य. मी ते पुढच्या खेपेवर टाकलं, त्याच्या पुढच्या खेपेवर टाकलं. तिसऱ्या रविवारआधी शुक्रवारी मी घाट उतरत होतो आणि वहिनीचा फोन आला. रात्रीपासून श्वास लागला होता, सकाळी थांबला.

काल मी कापड्याला गेलो. वहिनी अंगणात तुझे कपडे वाळत घालत होती. धुवून कुणाला द्यायचे होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. ब्रेक दाबला नव्हता. तो खरंच जिंकला होता. मी खोटं बोललो.

तिने हातातला शर्ट बादलीत परत टाकला. मी खोटं का बोललो, हा पहिला प्रश्न तिने विचारला नाही.

"म्हंजे पाट बरोबर चालत होता?"

"एकदम बरोबर."

"मला वाटलं माझंच जोडनं चुकलं. म्हनून त्यानं काढायला सांगितला." तिने ओले हात पदराला पुसले. "मी तो पाट फोडून बंबात घातला, भाऊजी. पानी तापवलं त्याच्यावर. त्याच्याच आंघोळीचं."

तिने बादलीतला शर्ट पुन्हा उचलून पिळला.

"त्या दिसापासनं तो रोज इचारायचा मला. रोज. सकाळी तोंड पुसताना. म्हनायचा, रफ्यानं ब्रेक दाबला असंल का गो? त्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा मला दिसला नाय. तुला दिसला का? आता मला काय कळतंय त्या खेळातलं? मी तर वाल सोलत होते. मी म्हनायचे, दाबला असंल. भाऊजी आईची शपथ घेऊन खोटं कशाला बोलतील?"

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "माज्याकडं नको. मी सगळ्यांसमोर तुमचे आभार मानले, तर सगळ्यांसमोर तुमीच सांगा. आनि मग या घरात येऊ नका."

म्हणून हे लिहिलं आहे. संपादक मंडळाला विनंती, यातला एक शब्द कापू नये. तुझ्या दुकानाच्या दाराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे, तिथे लिहिता येत नाही.

लाल दिवा तुला दिसला नाही, कारण तो लागलाच नव्हता. तुझी नजर बरोबर होती, मिल्या. त्या वळणावर माझं बोट वेगाच्या बटणावर होतं, पूर्ण दाबलेलं, दुखेपर्यंत. मी जीव खाऊन चालवत होतो आणि तरी तू पुढे होतास.

— रफीक